डरहॅममध्ये दोन दिवस: मित्रमंडळींसोबत पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी मुलांचा पहिल्या मोठ्या वीकेंडचा बेत साधारण ठरलेला असतो. शनिवारी यॉर्क, रविवारी सकाळी डरहॅम, दुपारनंतर एडिंबरा आणि रात्रीच्या बसने परत. आमच्या ग्रुपनेही पहिल्या वर्षी हेच केलं. त्यातलं डरहॅम मला दीड तासाचं आठवतं: चढ, घाम, कॅथीड्रलसमोर ग्रुप फोटो, उतार. पंढरपूरला जाऊन नुसतं कळसदर्शन घ्यावं आणि परत एसटी गाठावी, तसला प्रकार. त्यानंतर मी तिथे चार वेळा गेलो, प्रत्येक वेळी मुक्कामाला. म्हणून हा लेख एकाच गावाचा आहे. शनिवार-रविवार, चार-सहा जण, एक डरहॅम. यॉर्क कुठे पळून जात नाही.

आधी उच्चार, मग बुकिंग

आपण लिहितो डरहॅम, पण तिथे म्हणतात 'डरम', आणि तेही घाईत. गावाला वेढा घालून वाहणाऱ्या नदीचं स्पेलिंग पाहून आपण 'वेअर' म्हणतो, ती 'वीअर'. आणि तिथल्या माणसाला चुकूनही 'जॉर्डी' म्हणू नका. ते न्यूकॅसलवाले. कोल्हापूरकराला सांगलीकर म्हटल्यावर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

नावाची दुसरी गंमत खिशाला लागते. डरहॅम हे शहर आहे आणि काउंटी डरहॅम हा आपल्या जिल्ह्यासारखा मोठा भाग. हॉटेल शोधताना 'डरहॅम' टाकलंत की काउंटीतली हॉटेलंही समोर येतात. आम्ही एकदा स्वस्त म्हणून जी खोली घेतली ती हायवेला लागून निघाली. शहरापासून वीसेक किलोमीटर लांब, आणि वाचलेले सगळे पैसे टॅक्सीत गेले. नकाशा उघडा, कॅथीड्रल कुठे आहे ते बघा आणि तिथून चालत अर्ध्या तासाच्या आतलंच घ्या. ते परवडत नसेल तर सरळ न्यूकॅसलला राहा. ट्रेनने जेमतेम पंधरा मिनिटं लागतात आणि तिथे खोल्याही भरपूर.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो. विद्यापीठाला सुट्टी लागली की इथली कॉलेजं विद्यार्थ्यांच्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात, नाश्त्यासकट. खोली हॉस्टेलची, साधीच, पण जागा एखाद्या हॉटेलला मिळणार नाही अशी. नशीब जोरावर असेल तर खुद्द किल्ल्यातली खोलीही मिळते, कारण तो किल्ला म्हणजेच युनिव्हर्सिटी कॉलेज. ईस्टर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी दोन-तीन महिने आधीच चौकशी करा.

तारखा ठरवताना दोन गोष्टी टाळा. एक, पदवीदान समारंभाचे दिवस. प्रत्येक मुलामागे आई, बाबा आणि आजी असतात, त्यामुळे खोलीच मिळत नाही. दुसरी, जुलैचा दुसरा शनिवार. त्या दिवशी खाणकामगारांचा 'गाला' असतो आणि गाव माणसांनी फुलून जातं. खरं तर ही दुसरी तारीख टाळा म्हणताना माझी जीभ अडखळते. १८७१ साली सुरू झालेला हा मेळावा. एकेका खाणीचं गाव आपापला रेशमी झेंडा आणि ब्रास बँड घेऊन येतं आणि अरुंद रस्त्यांतून वाजतगाजत मैदानाकडे जातं. १९९०च्या दशकात तिथल्या शेवटच्या खाणीही बंद पडल्या, झेंडे मात्र निघतात. दिंड्या पाहत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सहा महिने आधी खोली मिळाली तर मुद्दाम त्याच दिवशी जा. नाही मिळाली तर त्या दिवशी फिरकू नका.

तिकिटं

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून थेट गाडीने साधारण तीन तास. यॉर्कहून पाऊण तास. रेल्वेची तिकिटं आयत्या वेळी काढलीत तर विमानापेक्षा महाग पडतील, त्यामुळे 'अ‍ॅडव्हान्स' तिकीट महिना-दोन महिने आधी घ्या. ते त्याच गाडीला चालतं. ती चुकली तर तिकीट संपलं, पुढच्या गाडीत बसून टीसीला गोड बोलून काही होत नाही.

सवलतीचं गणित आधी मांडा. २५ वर्षांपर्यंतच्यांना '१६-२५' रेलकार्ड मिळतं, भाड्यात एक तृतीयांश सूट. हे अनेकांना माहीत नसतं की पूर्णवेळ विद्यार्थी असाल तर वय पंचवीसच्या पुढे गेलं तरी हेच कार्ड मिळतं. विद्यापीठाचा शिक्का लागतो. २६ ते ३० वाल्यांसाठी वेगळं कार्ड आहे. आणि कुणाकडेच कार्ड नसेल पण तुम्ही तीन ते नऊ जण एकत्र असाल, तर अनेक कंपन्यांच्या गाड्यांत गर्दीची वेळ सोडून 'ग्रुपसेव्ह' लागू होतं. तीही एक तृतीयांश सूट, पण सगळ्यांनी एकत्रच प्रवास करायचा. एक जण 'मी मागच्या गाडीने येतो' म्हणाला की त्याची सूट गेली.

रविवारच्या परतीबद्दल मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. इथेही रविवारी मेगाब्लॉक असतो. नाव वेगळं, काम तेच: रुळांची दुरुस्ती, आणि ट्रेनऐवजी बस. तिकीट काढण्यापूर्वी त्या रविवारचं वेळापत्रक बघा. नेहमीपेक्षा तासभर जास्त दाखवत असेल तर काहीतरी गडबड आहे असं समजा. गाडी उशिरा पोचली तर 'डिले रिपे', म्हणजे उशिराची भरपाई, मागा. हा आपला हक्क आहे आणि आपली मंडळी तो मागत नाहीत, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

पैशांचं एकदाच ठरवा. एकाने सगळ्यांचं भरायचं आणि अ‍ॅपवर हिशेब टाकायचा की पहिल्यापासून टीटीएमएम. गाडीत बसल्यावर हा विषय काढू नका.

सीट कुठली

दक्षिणेकडून येत असाल तर उजव्या हाताची खिडकी. बुकिंग करताना सीटचा नकाशा येतो, त्यात गाडीची दिशा बघून घ्या. डरहॅम यायला एक-दोन मिनिटं राहिली की गाडी हळू होते आणि उंच दगडी पुलावर चढते. हा पूल १८५७चा, अकरा कमानींचा. खाली घरांची छपरं, आणि समोर टेकडीवर अचानक ते उभं असतं: तीन मनोरे, शेजारी किल्ला, खाली झाडी. त्या क्षणी बॅगा काढायला उभे राहू नका. एका मित्राला मी तीनदा बजावलं होतं, आणि तो नेमका तेव्हाच वरून बॅग काढत होता.

शनिवार सकाळ: नदीकाठून सुरुवात

स्टेशनातून बाहेर पडलं की सगळे जण सरळ कॅथीड्रलकडे निघतात. थांबा. बॅगा हॉटेलवर टाका. खोलीचा ताबा दुपारी मिळत असला तरी सामान बहुतेक ठिकाणी ठेवून घेतात. आणि बूट बदला. गाव चढउताराचं आहे, फरशा गोट्यांच्या आहेत आणि पावसात त्या निसरड्या होतात. नव्या पांढऱ्या स्नीकर्सचा हा वीकेंड नव्हे.

नदी इथे घोड्याच्या नालेसारखी वळते आणि मधल्या उंच जिभेवर किल्ला आणि कॅथीड्रल बसलेत. आपल्याकडचा दुर्ग बांधणारा माणूस ही जागा पाहून लगेच मान डोलावेल: तीन बाजूंना पाणी, एकच बाजू सांभाळायची. म्हणून आधी खालून बघा, मग वर जा.

स्टेशनवरून उतरून फ्रॅमवेलगेट पुलापर्यंत या. पूल ओलांडू नका. अलीकडच्याच काठाने डावीकडे नदी ठेवून दक्षिणेला चालत राहा. थोड्या वेळाने पाण्याचा आवाज येईल. तो बंधारा, पलीकडे जुनी दगडी गिरणी, आणि तिच्या डोक्यावर झाडीतून वर आलेले पश्चिमेचे मनोरे. पोस्टकार्डावर असतं ते हेच दृश्य. उजेड दुपारनंतर जास्त चांगला असतो, पण सकाळी धुकं असेल तर त्याला तोड नाही.

पुढे प्रेबेंड्स पूल लागेल, १७७८चा. तो ओलांडा आणि जुन्या दरवाज्यातून साउथ बेलीत शिरा. शांत गल्ली, दोन्हीकडे कॉलेजांची दारं. थोडं पुढे बो लेनने उजवीकडे उतरलात की काँक्रीटचा एक सडपातळ पादचारी पूल दिसतो, किंग्जगेट. अनेकांना तो या जुन्या गावात खटकतो. मला तो कॅथीड्रलनंतरची इथली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटतो. ओव्ह अरुप या अभियंत्याने तो १९६३ साली बांधला. सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या बांधणीतला हाच तो माणूस. नदीत परांची उभारायची नव्हती, म्हणून पुलाचे दोन अर्धे भाग दोन काठांवर, काठाला समांतर बांधले आणि मग फिरवून मधोमध जोडले. जोड जिथे आहे तिथे उभं राहून नीट बघा, दिसतो. अरुपच्या अस्थीही त्याच्या इच्छेप्रमाणे याच पुलावरून नदीत सोडल्या गेल्या.

एवढी फेरी रमतगमत दीड-दोन तासांची. ग्रुपमध्ये एक जण 'मेन गोष्ट कधी बघणार?' असं विचारतोच. त्याला कॉफी पाजा.

जेवण, आणि शाकाहाऱ्यांसाठी दोन इशारे

दुपारी मार्केट प्लेसमध्ये या. घोड्यावर बसलेल्या लॉर्डसाहेबांचा पुतळा सगळ्यांच्या भेटण्याच्या खुणेचा. कुणी हरवलं तर तिथे. शेजारी छपराखालची जुनी मंडई आहे.

या भागाची खासियत म्हणजे 'स्टॉटी', चपटा, जाड, चिवट पाव. त्यात 'पीज पुडिंग' भरून मिळतं. पिवळ्या सोललेल्या वाटाण्यांचं, आपल्या घट्ट वरणाच्या जवळ जाणारं. दिसायला इतकं सात्त्विक की शाकाहारी मंडळी न विचारता घेतात. पण ते परंपरेने डुकराच्या मांसाच्या पाण्यात शिजवतात, तेव्हा आधी विचारा. दुसरा इशारा चिप्सचा. उत्तर इंग्लंडात बऱ्याच फिश अँड चिप्सच्या दुकानांत बटाटे गाईच्या चरबीत तळतात. तिचं नाव 'बीफ ड्रिपिंग'. 'व्हेज आहे का?' असं विचारू नका. 'कशात तळता?' असं विचारा. कुणी रागावत नाही, उलट 'पेट' म्हणून प्रेमाने सांगतात. इकडे दुकानदार कुणालाही पेट म्हणतात. जीव लावण्याचा शब्द आहे, अपमान नव्हे.

आणि मोहरीची एक गोष्ट. इंग्लंडात मोहरी बारीक दळून पूड विकायची सुरुवात १७२०च्या सुमारास इथल्याच मिसेस क्लेमेंट्स नावाच्या बाईंनी केली असं सांगतात. त्यांची डरहॅम मस्टर्ड पुढे लांबवर गाजली. लोणच्याची मोहरी फेसताना डोळ्यांतून पाणी काढलेल्या आपल्या आज्यांना या बाईंबद्दल आपुलकी वाटली असती.

शनिवार दुपार: आत

आता सॅडलर स्ट्रीटने वर चढा. हा रस्ता गाडीवाल्यांना महाग पडतो. ऑक्टोबर २००२ मध्ये, लंडनच्याही आधी, इथे गर्दीकर सुरू झाला. तुम्ही पायी आहात, तेव्हा चिंता नाही. ओवनगेटच्या चढावरून पॅलेस ग्रीनवर या.

कॅथीड्रलमध्ये प्रवेश मोफत आहे, दानपेटी असते. जमेल तेवढं टाका. दारावर सिंहासारख्या तोंडाचा पितळी कडीचा मुखवटा दिसेल. ती प्रतिकृती, मूळचा आत संग्रहालयात आहे. मध्ययुगात गुन्हा करून पळालेल्या माणसाने ही कडी वाजवली की ३७ दिवस अभय मिळे. तेवढ्यात तह करायचा किंवा देश सोडायचा.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं फोन खिशात. बांधकाम १०९३ ते ११३३, म्हणजे मुख्य भाग चाळीस वर्षांत. अवाढव्य गोल खांब आहेत, त्यांचा घेर आणि उंची जवळपास सारखीच, सुमारे ६.६ मीटर. एकावर नागमोडी रेघा, एकावर शंकरपाळ्यांची नक्षी, एकावर मळसूत्र. मग मान वर करा. छतावर दगडी कमानी एकमेकींना छेदत गेल्यात. एवढ्या मोठ्या इमारतीवर अशा फासळ्यांचं दगडी छत युरोपात पहिल्या-वहिल्यांपैकी इथे झालं. पुढे सगळ्या युरोपात गेलेल्या गॉथिक पद्धतीची ही नांदी. याच कारणाने १९८६ साली किल्ल्यासह ही जागा जागतिक वारसा यादीत गेली.

पश्चिम टोकाजवळ फरशीत काळ्या दगडाची एक आडवी पट्टी आहे. मठाच्या काळात बायकांनी तिच्या पुढे जायचं नाही, असा नियम होता. आमच्या ग्रुपमधली मैत्रीण ती पट्टी मुद्दाम तीनदा ओलांडून आली.

त्याच टोकाला गॅलिली चॅपल, आणि तिथे बीड नावाच्या साधूची समाधी. बीड ७३५ साली वारला. मठात बसून पुस्तकं लिहिणारा माणूस, पण ख्रिस्ताच्या जन्मापासून वर्षं मोजायची रीत युरोपात रुजवण्यात त्याचा मोठा वाटा. दिनदर्शिकेवर शकाच्या शेजारी जो इसवी सन छापलेला असतो, त्याचे थोडे आभार इथे मानता येतात.

दुसऱ्या टोकाला, मुख्य वेदीच्या मागे, संत कथबर्टची समाधी. साधी दगडी लादी, तिच्यावर नुसतं नाव. सगळं गाव या एका माणसासाठी उभं राहिलं. तो ६८७ साली इनर फार्न बेटावर वारला आणि त्याला लिंडिसफार्न बेटावर पुरलं. व्हायकिंगांच्या धाडी वाढल्यावर ८७५ मध्ये तिथल्या साधूंनी त्याची शवपेटी खांद्यावर घेऊन बेट सोडलं, आणि सात वर्षं ती उत्तर इंग्लंडभर फिरवली. मग शंभरेक वर्षं जवळच्या चेस्टर-ली-स्ट्रीटला मुक्काम, आणि ९९५ मध्ये पुन्हा प्रवास. दंतकथा अशी की वाटेत पेटी एका जागी रुतली, हलेना. 'डन होम'ला न्या, असा दृष्टान्त झाला, पण ते कुठे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात एक गवळण दुसरीला विचारत होती, माझी करडी गाय पाहिलीस का? डन होमकडे गेली, असं उत्तर आलं. साधू तिच्या मागे निघाले. कॅथीड्रलशेजारची गल्ली आजही डन काउ लेन म्हणवते आणि बाहेरच्या भिंतीवर गाय कोरलेली आहे. खाली मिलेनियम प्लेसमध्ये पेटी वाहणाऱ्या सहा साधूंचं शिल्प आहे, 'द जर्नी'. ते बघताना मला पालखीचे भोई आठवतात. तसेच वाकलेले खांदे, तसेच पाय.

सोबतच्या कुणाला धर्माचं वावडं असेल तर त्याला जुन्या लाकडी घड्याळापाशी न्या. १६५०च्या डनबारच्या लढाईनंतर इंग्लिश सेनापती क्रॉमवेलच्या सैन्याने सुमारे तीन हजार स्कॉटिश कैदी या इमारतीत कोंडले. उपासमारीने आणि रोगाने शेकड्यांनी मेले. थंडीत त्यांनी आतलं लाकूडकाम जाळलं, पण हे घड्याळ राखलं. त्यावर स्कॉटलंडचं काटेरी फूल कोरलेलं होतं म्हणून, असं सांगतात. कैद्यांचे सांगाडे २०१३ साली पॅलेस ग्रीनजवळ खोदकामात सापडले.

मनोरा चढायचा असेल तर ३२५ पायऱ्या, अरुंद, गोल. तिकीट वेगळं, वारा-पाऊस जोराचा असला की बंद. सिंहगड दर रविवारी चढणाऱ्यांना श्रम वाटणार नाहीत, पण बंद जागेची भीती असणाऱ्यांनी मुकाट क्लॉइस्टरमध्ये, म्हणजे खालच्या अंगणाभोवतीच्या ओवरीत, बसावं. संग्रहालयालाही तिकीट आहे, आणि तेवढे पैसे जरूर खर्च करा. कथबर्टची मूळ ओकची पेटी, ६९८ सालची, तिथे आहे. एवढी वर्षं टिकलेलं कोरीव लाकूड पुन्हा कुठे बघायला मिळणार?

संध्याकाळी इव्हनसाँगला, म्हणजे गाऊन होणाऱ्या सायंप्रार्थनेला, थांबा. वेळ कॅथीड्रलच्या संकेतस्थळावर त्या दिवशीची बघा. वीसेक मिनिटं आधी गेलात तर गायकवृंदाच्या जवळच्या नक्षीदार लाकडी आसनांत बसवतात. फुकट आहे, ख्रिस्ती असायची गरज नाही, बरोबर म्हणायचीही नाही. सगळे उठले की उठा, बसले की बसा. फोटो नाही. पाऊण तास लहान मुलं आणि मोठी माणसं गातात आणि तो आवाज खांबांवरून परत येतो. दिवसभर जे दगड पाहिले ते कशासाठी एवढे उंच नेले, हे इथे कानाला कळतं.

रविवार

सकाळी किल्ला. १०७२ मध्ये सुरू झालेला, पुढे प्रिन्स-बिशपांचा वाडा. इथले बिशप धर्मगुरू आणि जहागीरदार एकत्रच. स्वतःची नाणी, स्वतःची न्यायालयं. तो अधिकार १८३६ मध्ये गेला आणि किल्ला नव्या विद्यापीठाकडे आला. आत नुसतं शिरता येत नाही, मार्गदर्शकासोबतची फेरी आधी बुक करावी लागते. विद्यार्थी अजूनही त्याच मोठ्या दालनात जेवतात. बुकिंग करताना त्या दिवशी फेऱ्या आहेत ना ते बघा, परीक्षा आणि समारंभ असले की नसतात.

दुपारसाठी दोन पर्याय. हवा चांगली असेल तर एल्व्हेट पुलाजवळून वल्ह्यांची होडी भाड्याने घ्या आणि तासभर नदीत गोल फिरा. शब्दशः गोल, कारण पहिल्यांदा वल्हवणारे गोलच फिरतात. पाऊस असेल तर विद्यापीठाचं ओरिएंटल म्युझियम. भारतातल्या वस्तूंचा संग्रहही तिथे आहे. स्वतःच्या देशाची मूर्ती परक्या काचेआड बघताना काय वाटतं, ते प्रत्येकाने स्वतः जाऊन बघावं.

बीमिश नावाचं सुप्रसिद्ध खुलं संग्रहालय जवळच आहे. जुन्या ट्राम, खाणीचं गाव, शाळा, सगळं चालतं-बोलतं. पण त्याला अख्खा दिवस लागतो, गाडी असेल तर बरं. दोन दिवसांत डरहॅम आणि बीमिश दोन्ही कोंबू नका. पुन्हा या.

रविवारी मोठी दुकानं कायद्यानेच सहा तास उघडी असतात, त्यामुळे गाडीत खायचं दुपारीच घेऊन ठेवा. हिवाळ्यात गेलात तर डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो, तेव्हा नदीकाठची फेरी सकाळीच. जूनमध्ये पावणेदहापर्यंत उजेड असतो आणि परतीची गाडी उशिराची घेता येते. जाताना खिडकी डावीकडची.